शाळेसाठी द्विनेत्री दुर्बीण : निवड व पारख

कोल्हापूर जिल्ह्यातील शाळांना निसर्गनिरीक्षणासाठी फार दूर जावे लागत नाही. शिरोळ तालुक्यात कृष्णा-पंचगंगेचे काठ आहेत, शहरालगत रंकाळा व कळंबा हे तलाव आहेत, पश्चिमेस १९५८ साली अभयारण्य म्हणून घोषित झालेले दाजीपूरचे अरण्य आहे आणि गावोगावी ओढे व उसाची शिवारे आहेत. परंतु पाण्यामधला वारकरी पक्षी किंवा शिवाराच्या कडेला आलेला गवा जवळून पाहू जाणे पक्ष्याला त्रासदायक व मुलांना धोक्याचे असते. अंतर राखून पाहता यावे यासाठी शाळेत एक चांगली दुर्बीण असणे अगत्याचे आहे. ही खरेदी बहुधा लोकवर्गणीतून आणि अनेक वर्षांतून एकदाच होते. म्हणून शिक्षकाला तिची पारख असली पाहिजे.

१. आकड्यांचा अर्थ

दुर्बिणीवर ८×४० असे आकडे असतात. पहिला आकडा विशालनाचा, म्हणजे वस्तू किती पट जवळ भासते याचा. दुसरा आकडा पुढील मोठ्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसऱ्यास पहिल्याने भागले असता डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशवर्तुळाचा व्यास मिळतो. ८×४० मध्ये तो ५ मिमी, ८×२१ मध्ये सुमारे २.६ मिमी. भर उन्हात डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे तेव्हा दोहोंत फारसा फरक जाणवत नाही. पहाटे, सायंकाळी व रात्री मात्र बाहुली मोठी होते आणि लहान दुर्बीण अंधुक दिसू लागते. पक्षी नेमके पहाटे व सायंकाळी अधिक दिसतात, हे ध्यानी घ्यावे.

‘१०००’ या आकड्यासमोर मीटर दिलेले असल्यास ते दृष्टिक्षेत्र होय. १३१/१००० मी. याचा अर्थ एक किलोमीटरवर १३१ मीटर रुंदीचा देखावा एका वेळी दिसतो. मुलांच्या हाती द्यावयाच्या दुर्बिणीचे दृष्टिक्षेत्र जितके रुंद तितका पक्षी लवकर सापडतो.

२. कोणती घ्यावी

प्राथमिक शाळेस ८×४० किंवा ८×४२ उत्तम. दहापटीच्या दुर्बिणीत हाताचा कंप अधिक जाणवतो व क्षेत्र अरुंद होते. विशालन कमी-अधिक करता येणाऱ्या स्वस्त दुर्बिणी, तांबडी चकाकणारी भिंगे असलेल्या दुर्बिणी आणि आकाराने लहान असूनही साठपट-नव्वदपट विशालन सांगणाऱ्या दुर्बिणी टाळाव्यात. मर्यादित खर्चात सरळ नळीच्या दुर्बिणीपेक्षा जुन्या घडणीची, रुंद खांद्यांची दुर्बीण बहुधा अधिक चांगले चित्र देते.

३. दुकानातील परीक्षा

(अ) दुर्बीण हातभर दूर धरून उजळ आकाशाकडे करावी. डोळ्याच्या बाजूच्या भिंगात तेजस्वी वर्तुळ दिसेल. ते पूर्ण गोल असावे. कडा चौकोनी व राखाडी दिसल्यास आतील लोलकाची काच हलकी समजावी.

(आ) हे वर्तुळ पट्टीने मोजावे. समजा, दुर्बिणीवर २०×५० लिहिले आहे. तर वर्तुळ २.५ मिमी हवे. ते ५ मिमी भरल्यास विशालन दहापटीहून अधिक असूच शकत नाही, कारण ५० भागिले ५ म्हणजे १०. छापलेला आकडा खोटा ठरला.

(इ) विटांच्या भिंतीकडे एका डोळ्याने नळीतून व दुसऱ्याने उघडे पाहावे. आठपटीच्या दुर्बिणीत दिसणारी एक वीट उघड्या डोळ्याच्या आठ विटा व्यापील.

(ई) भिंगावर तिरपा प्रकाश पाडावा. प्रतिबिंब मंद, हिरवट वा जांभळट असल्यास भिंगावर लेप आहे. पांढरे व झगझगीत असल्यास लेप नाही आणि बराच प्रकाश वाया जातो.

(उ) दूरच्या खांबाकडे पाच मिनिटे पाहावे. एकाची दोन चित्रे दिसली, डोळ्यांवर ताण आला वा डोके जड झाले तर दोन्ही नळ्या एका दिशेस नाहीत. हा दोष असल्यास दुर्बीण कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

(ऊ) तारेवरील कावळा पाहावा. त्याच्या कडेस जांभळी झालर थोडी असणे क्षम्य, ठळक असणे नव्हे.

परीक्षा दुकानाबाहेर, उजेडात करावी. काचेच्या कपाटासमोर प्रत्येक दुर्बीण चांगलीच दिसते.

४. वर्गातील वापर

प्रथम दोन नळ्यांमधील अंतर प्रत्येक मुलाच्या डोळ्यांप्रमाणे जुळवावे. मग डावा डोळा उघडा ठेवून मधल्या चाकाने व नंतर उजवा डोळा उघडा ठेवून उजव्या नळीच्या कड्याने चित्र स्पष्ट करावे. मुले भिडेपोटी ‘दिसले’ म्हणतात. म्हणून ‘दिसले का?’ असे न विचारता ‘चोच कोणत्या रंगाची? किती पक्षी?’ असे विचारावे. फळ्यावरील अक्षरे न दिसणाऱ्या मुलास दुर्बिणीतून दूरचे स्पष्ट दिसले तर त्याची दृष्टी अधू असण्याचा संभव आहे. त्याच्या पालकांस नेत्रतपासणी करण्याविषयी अवश्य कळवावे.

रात्री दुर्बीण भिंतीला वा कुंपणाला टेकवून चंद्रावरील विवरे, कृत्तिकांमधील अनेक तारे व गुरूचे चार मोठे उपग्रह दाखविता येतात. हेच उपग्रह गॅलिलिओने १६१० साली पाहिले. शनीची कडी मात्र आठपटीत दिसत नाहीत, तशी आशा मुलांस दाखवू नये.

सूचना : सूर्याकडे दुर्बीण कदापि रोखू नये. क्षणार्धात दृष्टी कायमची जाऊ शकते. प्रत्येक वेळी दुर्बीण देण्यापूर्वी हे मुलांकडून वदवून घ्यावे.

५. निगा

गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या भागांत पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते. दुर्बीण घट्ट झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावी व आठवड्यातून एकदा काढून पाहावी. भिंगावरील धूळ प्रथम फुंकणीने वा मऊ कुंच्याने उडवावी, मगच स्वच्छ मऊ कापड लावावे. धोतराचा किंवा पदराचा शेव वापरल्यास धुळीचे कण लेपावर ओरखडे पाडतात. गळ्यातील पट्टा अडकविल्याशिवाय कोणाही मुलाच्या हाती ती देऊ नये.

स्वाध्याय

(१) ७×५०, ८×४० व १०×२५ यांचे प्रकाशवर्तुळ काढा. पहाटेच्या निरीक्षणास कोणती अयोग्य व का?
(२) जवळच्या तलावावर वा ओढ्यावर अर्धा तास पाहून पक्ष्यांची जात, संख्या व वेळ यांची नोंद करा. हीच नोंद दर महिन्यास करून वर्षअखेर तुलना करा.