गोळ्या मोजू नका, मिलिग्रॅम वाचा

माझ्या मुलीला लहान मुलांचा संधिवात आहे. सकाळी गुडघे इतके आखडायचे की भिंत धरून न्हाणीपर्यंत जायची. नागपूरच्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट सुरू केलं: अडीच मिलिग्रॅमच्या चार गोळ्या, आठवड्यातून एकदाच.

आमच्या मुकुटबन गावात हे औषध दर वेळी मिळेलच असं नाही, म्हणून एकदा बाहेरगावच्या मेडिकलमधून मागवलं. पाकिटावर पेनाने लिहिलेलं, 'चार गोळ्या'. रंग तोच, पिवळा. बायकोने सवयीने जुनी पट्टी शेजारी धरली. नव्या पट्टीवर १० मिलिग्रॅम! फोन केला तर दुकानदार म्हणाला, "कंपनी वेगळी आहे भाऊ, औषध तेच." औषध तेच होतं, चौपट होतं.

हे औषध जास्त झालं किंवा चुकून रोज गेलं, तर तोंड सोलवटतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात, जीवही जाऊ शकतो. उतारा म्हणून फोलिनिक अॅसिड असतं, पण ते लवकर मिळावं लागतं. म्हणून शंका आली की लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठा.

चिठ्ठीवर वाराचं नाव आणि मिलिग्रॅम दोन्ही लिहून घ्या. आमचा शनिवार ठरला आहे. रविवारी मळमळलं तरी शाळा बुडत नाही. नॅप्रोक्सेन ही दुखण्यावरची गोळी मात्र रोज दोन वेळा, जेवणानंतर. त्याचा डबा वेगळा, कारण रोजची गोळी आणि आठवड्याची गोळी यांतच खरी गल्लत होते. फोलिक अॅसिड डॉक्टर सांगतील त्या वारी. शनिवारचं मेथोट्रेक्सेट चुकलं तर दोन दिवसांत देता येतं. त्यापुढे सोडून द्यायचं, दुप्पट कधीच नाही. उलटी झाली तरी विचारल्याशिवाय पुन्हा देऊ नका.

ताप आला की गावातल्या डॉक्टरांना आधी मेथोट्रेक्सेटचं नाव सांगा. कोट्रायमोक्साझोल नावाचं साधं, स्वस्त अँटिबायोटिक त्याच्यासोबत घातक ठरतं. रक्ततपासणी टाळू नका. यकृताचं बिनसलं तर ते मुलाकडे पाहून कळत नाही. मात्रा उंची-वजनावर ठरते, त्यामुळे मागच्या वर्षीची चिठ्ठी दाखवून औषध आणू नका.

गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. नातेवाईक मध्येच काढा, तेल, वैदू सुचवतात. तेल लावा खुशाल. शनिवारची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.