परवाना बंदुकीचा, काडतूस मात्र घरचे

दोंडाईच्याकडे लाल मिरची पथारीवर पसरली की रात्रीची राखण आलीच. माझ्या चुलतभावाकडे बारा बोअरची वडिलोपार्जित बंदूक आहे, परवाना त्याच्या नावावर रीतसर झालेला. एका रात्री चोरटे कोयते घेऊन शिरले, राखणदाराला मारू लागले. भावाने पायाच्या रोखाने बार काढला. छर्रे एकाच्या पोटरीत घुसले. राखणदार वाचला, चोरही वाचला.

आम्हाला वाटले, परवाना दाखवला की विषय संपेल. पोलिसांनी उरलेली काडतुसे टॉर्चच्या उजेडात फिरवून पाहिली. पितळी बुडावर कारखान्याचा शिक्का होता, पण पुंगळी एका बाजूने फुगलेली आणि तोंड मेणबत्तीच्या मेणाने बंद केलेले. भाऊ सहज बोलून गेला, "घरमाच भरेल शेत, त्यामा काय?" (घरीच भरलेली आहेत, त्यात काय?) पंचनाम्यात 'हाताने भरलेली काडतुसे' असे लिहिले गेले आणि तिथून प्रकरणाचा रंग बदलला.

ठासणीच्या बंदुकीच्या काळापासून घरी दारू भरायची सवय खेड्यापाड्यांत मुरलेली आहे. कायदा मात्र तसा पाहत नाही. शस्त्र कायदा, 1959 नुसार बंदूक बाळगण्याचा परवाना वेगळा आणि दारूगोळा बनवण्याचा वेगळा. दुसरा परवाना कलम 5 खाली लागतो. 'दारूगोळा' या शब्दात त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रेही येतात. रिकामी पुंगळी पुन्हा भरणे हे 'बनवणे' ठरले, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान सात वर्षे, वरची मर्यादा जन्मठेप. चोराच्या कोयत्याला तोंड देणाऱ्या माणसावर हे कलम यावे याचे मला आजही वाईट वाटते, पण ते येते.

स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे. तो हक्क कोर्टाने मान्य केला तरी काडतुसाचा गुन्हा आपोआप पुसला जात नाही. आणि त्या हक्कालाही कुंपण आहे. पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर तो मिळत नाही, गरजेपेक्षा जास्त इजा चालत नाही. नुसती मिरची पळवणाऱ्याचा जीव घेण्याची मुभा कोणालाच नाही. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असावी लागते.

दुसरी अडचण पुराव्याची. बार किती अंतरावरून झाला हे तज्ज्ञ छर्ऱ्यांच्या फैलावावरून आणि दारूच्या खुणांवरून ठरवतात. त्यासाठी तसेच काडतूस उडवून ताडून पाहतात. कारखान्याच्या काडतुसाचे माप ठरलेले असते. घरच्या काडतुसात दारू किती होती हे फक्त भरणाऱ्यालाच ठाऊक, आणि आरोपीच्या तोंडच्या मापावर विसंबून कोण राहील? अमेरिकेत न्यू जर्सीत 1989 साली एका घरात गोळी लागून पत्नीचा मृत्यू झाला. त्या रिव्हॉल्व्हरमध्ये पतीने घरी भरलेल्या गोळ्या होत्या. चाचणीच्या गोळ्या त्यांच्याशी जुळतात का, यावर तिथेही वाद झाला आणि खटला वर्षानुवर्षे लांबला. 'मी लांबून, नाइलाजाने बार काढला' हे भावाचे म्हणणे खरे आहे, मी ते जाणतो. पण ते सिद्ध करायचे साधनच त्याने घरच्या घरी मोडून ठेवले होते.

म्हणून काडतुसे परवानाधारक दुकानातूनच घ्या. पावती जपा, परवान्यावरची नोंद तपासा. रिकाम्या पुंगळ्या साठवू नका. वडील वारले आणि बंदूक घरातच राहिली, तर कलम 21 प्रमाणे ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. 'बघू नंतर' म्हणणाऱ्यांची घरे मला माहीत आहेत. बार काढण्याची वेळ आलीच, तर जखमीला आधी दवाखान्यात पोचवा, 112 ला फोन करा, पुंगळी जिथे पडली तिथेच राहू द्या.

भाऊ जामिनावर आहे, खटला चालू आहे. तुमच्या कपाटात घरी भरलेली काडतुसे असतील तर ती वापरू नका, कोणाला देऊही नका. याच आठवड्यात वकिलाला भेटा आणि त्याच्या सल्ल्याने ती रीतसर जमा करा.