‘कापेलेवो’ : एक विरळ क्रियापद

करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (२:१७) पौलाने ‘कापेलेवो’ हे ग्रीक क्रियापद योजिले आहे. नव्या करारात ते याच एका ठिकाणी आढळते. ‘कापेलोस’ म्हणजे किरकोळ विक्री करणारा दुकानदार, विशेषतः मद्यविक्रेता. यशयाच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात (१:२२) हा कापेलोस द्राक्षारसात पाणी मिसळतो. म्हणून या क्रियापदात दोन अर्थ दिसतात: नफ्यासाठी विकणे व भेसळ करणे. नगरोनगरी ज्ञान विकीत फिरणाऱ्यांस प्लेटोनेही ‘प्रोतागोरास’ या संवादात हेच क्रियापद लाविले आहे. देवाचे वचन आपण असे विकीत नाही, असे पौल सांगतो. श्रोत्यास गोड लागावे किंवा आपला लाभ व्हावा, म्हणून सत्यात पाणी घालण्याचा मोह शिकविणारास होतो, तसाच शिकणारासही. पाणी घातलेला द्राक्षारस रंगाने द्राक्षारसच दिसतो. यास्तव आपण विद्या निर्भेळ घेऊ व निर्भेळच देऊ.