क जीवनसत्त्वाने गाठ विरघळते का?

प्रश्न : वडिलांना फुफ्फुसाचा कर्करोग आहे, इंदूरला केमो चालू आहे. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊ का?
– एक वाचक, मानपुर

उत्तर : मनाने देऊ नका. प्रयोगशाळेत या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होऊन कर्करोगाच्या पेशी मरतात, हे खरं. पण रक्तात तेवढं प्रमाण शिरेतून दिल्यावरच येतं. गोळीतलं जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने कर्करोगाच्या रुग्णांना रोज १० ग्रॅम तोंडावाटे देऊन पाहिलं. १९७९ आणि १९८५, दोन्ही वेळा फायदा दिसला नाही. उलट स्वीडनमधल्या २०२३च्या संशोधनात क जीवनसत्त्वासारख्या अँटिऑक्सिडंटमुळे फुफ्फुसातल्या गाठींत नव्या रक्तवाहिन्या वाढताना आढळल्या. शिरेतून देण्याचे प्रयोग अजून चालू आहेत. पण जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असल्यास शिरेतल्या मोठ्या मात्रेने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. जेवणातला आवळा, लिंबू, पेरू खुशाल द्या. घरात आणलेली प्रत्येक गोळी मात्र केमोच्या डॉक्टरांना आधी दाखवा.