नवी विंडोज, जुने लॉक : शाळेचा संगणक बदलण्यापूर्वी हे वाचा



विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे बऱ्याच शाळांत विंडोज ११ टाकणे चालू आहे. आम्हीही टाकली. दुसऱ्या दिवशी घटक चाचणीची प्रश्नपत्रिका काढायला बसले, तर मराठी टायपिंगचे सॉफ्टवेअर म्हणते, 'लॉक सापडत नाही'. लॉक तर समोर यूएसबीला लावलेले! शेवटी अडगळीत ठेवलेल्या जुन्या संगणकावर प्रिंट काढली. तुमची अशी धावपळ होऊ नये म्हणून हा लेख.

लॉक म्हणजे काय?

मराठी डीटीपीच्या काही सॉफ्टवेअरबरोबर छोटे लॉक मिळते. त्यालाच डोंगल म्हणतात. पूर्वी ते प्रिंटरच्या पोर्टला लागायचे, नंतर यूएसबीला आले. सीडीची कॉपी कुणीही करेल, लॉकची कॉपी सहज होत नाही. सॉफ्टवेअर सुरू होताना आधी लॉक शोधते. नाही सापडले तर चालत नाही.

ड्रायव्हर म्हणजे काय?

मुलांना मी असे सांगते : पाहुण्यांना फक्त कन्नड येते, आजीला फक्त मराठी. मग मध्ये दुभाषा लागतो. विंडोज आणि प्रिंटर, स्कॅनर, लॉक यांच्यामधला दुभाषा म्हणजे ड्रायव्हर.

मग अडते कुठे?

विंडोज १० ही ३२ बिट आणि ६४ बिट अशा दोन्ही प्रकारांत होती. विंडोज ११ फक्त ६४ बिट आहे. तिच्यात ३२ बिटचे सॉफ्टवेअर बहुधा चालते, पण ३२ बिटचा ड्रायव्हर चालत नाही. शिवाय ड्रायव्हरवर डिजिटल सही लागते. ही अट ६४ बिट व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून आहे. म्हणून सॉफ्टवेअर उघडते, लॉक शोधते, पण दुभाषाच नसतो. पैसे भरून घेतलेली अस्सल प्रत, तरी आपण दाराबाहेर!

बदलण्यापूर्वी काय करावे?

१. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग अबाउट उघडून ३२ बिट की ६४ बिट ते पाहा. ३२ बिट असेल तर विंडोज ११ नव्याने टाकावी लागते, म्हणून सगळ्या फाइल आधी बाहेर काढून ठेवा.
२. प्रिंटर, स्कॅनर आणि लॉक यांचे ६४ बिट ड्रायव्हर मिळतात का, ते कंपनीला विचारा.
३. ड्रायव्हर मिळेपर्यंत जुना संगणक मोडीत काढू नका. तो इंटरनेटला न जोडता वापरा.
४. कुणी 'क्रॅक टाकून देतो' म्हणाले तर नको म्हणा. त्यातून व्हायरस येतो, आणि कॉपीराइट कायदा १९५७ संगणक प्रोग्रामलाही लागू आहे. कॉपी करू नका असे मुलांना आपणच सांगतो ना?

कायमचा उपाय

जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. युनिकोडमध्ये तसे होत नाही. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड मोफत आहे, त्याला लॉक लागत नाही. नवीन काम युनिकोडमध्येच करा. जुन्या प्रश्नपत्रिका कन्व्हर्टरने बदलून घ्या आणि जोडाक्षरे, रफार नजरेखालून घाला. सुट्टीत रोज पाच फाइल केल्या तरी पुरे.

वर्षानुवर्षांची आपली मेहनत अंगठ्याएवढ्या लॉकवर अवलंबून राहू नये, एवढेच सांगणे.