हजारांतून एक वसाहत कशी शोधतात?



एका बशीत जिवाणूंच्या शेकडो वसाहती वाढल्या आहेत. दिसायला सगळ्या सारख्याच, पण आपल्याला हवे असलेले जनुक एखादीतच आहे. ती ओळखायची कशी? मायकेल ग्रुनस्टाइन व डेव्हिड हॉगनेस या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७५ साली यावर उपाय प्रसिद्ध केला. पुढे त्यात सुधारणा झाल्या.

बशीवर नायट्रोसेल्युलोजचा पातळ कागद अलगद ठेवतात. प्रत्येक वसाहतीतले थोडे जिवाणू त्याला चिकटतात. कागद उचलून सोडियम हायड्रॉक्साइडने भिजवला की जिवाणू फुटतात आणि डीएनएचे दोन धागे सुटे होतात. मग कागद आम्लारिमुक्त करून ८० अंश सेल्सिअसला सुमारे दोन तास तापवतात. डीएनए कागदावर पक्का बसतो.

आता हव्या जनुकाशी जुळणारा, किरणोत्सारी केलेला एकेरी धागा त्यावर सोडतात. जोडी जुळेल तिथेच तो चिकटतो. बाकीचा धुऊन टाकतात. एक्स-रे फिल्मवर तेवढ्याच जागी काळा ठिपका उमटतो.

कागदावरचे जिवाणू तर मेले, म्हणून मूळ बशी जपायची. पण ठिपका बशीतल्या कोणत्या वसाहतीचा? यासाठी कागद बशीवर असतानाच सुईने तीन भोके असमान अंतरावर पाडतात. ती राहिली, तर सारी मेहनत वाया!

करून पाहा : ताटलीत ओल्या हळदीचे वीस ठिपके ठेवा, वर कागद दाबून उचला. ठसा उलटा येईल. खुणेशिवाय प्रत्येक ठिपक्याची मूळ जागा सांगता येते का?