वरचा कॉमा

बाळा, फ्लेक्सचं दुकान टाकतोयस, तेही वैशाखऱ्यात, माळशेजच्या रस्त्यावर. पाऊस लागला की धबधब्यांना निघालेली कल्याण-मुंबईची माणसं तुझेच बोर्ड वाचत घाटाकडे जाणार. मराठी तू सांभाळशील. इंग्रजीतल्या त्या वरच्या कॉमाचं, अपॉस्ट्रॉफीचं, तेवढं ऐकून ठेव.

वस्तू पुष्कळ झाल्या म्हणून तो लावायचा नाही. रूम्स, मोमोज, कोल्ड ड्रिंक्स, नुसता एस लाव नि पुढे हो. विलायतेत भाजीवाल्यांच्या पाट्यांवर ही चूक इतकी दिसायची की तिला नावच त्यांचं पडलं.

तो लागतो मालकीला. फार्महाउस एकट्या पाटलाचं असेल तर पाटील, मग कॉमा, मग एस. भाऊ-भाऊ मिळून मालक असतील तर एसपर्यंत पुरतं लिही आणि कॉमा शेवटी दे. म्हणजे ऑर्डर घेतानाच सातबारा कुणाकुणाच्या नावावर आहे ते विचारायचं! शाळांचे बॅनर येतील. टीचर्स डेला शिक्षक अनेक, म्हणून कॉमा एसच्या नंतर. चिल्ड्रन्स डे आणि विमेन्स डेला एसच्या आधी, कारण चिल्ड्रन, विमेन हे मुळातच अनेकवचनी. इथे भले भले गुरुजी गडबडतात.

दुसरं काम गळलेल्या अक्षराची जागा धरायचं. डू नॉटचं डोन्ट झालं की नॉटमधला ओ गळतो, तर कॉमा तिथेच, एन आणि टीच्या मधे. एनच्या आधी मारतात, ते चूक. इट्स लिहिताना 'इट इज' असं फोडून बघ. अर्थ जुळला तर कॉमा, 'त्याचं' असा अर्थ असेल तर नाही. युवर्स, हर्स, अवर्स यांनाही नाही.

मराठी फॉन्ट चालू असताना ती कळ दाबलीस तर भलतंच अक्षर उमटेल, आधी फॉन्ट बदल. आम्ही ब्रशनं काढायचो तेव्हा इंग्रजी नऊच्या आकड्यासारखा काढायचो, डोकं भरीव, शेपूट खाली, अक्षरांच्या माथ्याशी. कॉम्प्युटर कधी कधी त्याचा सहा करतो, तेवढं बघत जा.

दुकानाच्या नावात मात्र हात घालू नकोस. ब्रिटनमधल्या वॉटरस्टोन्स या पुस्तकांच्या दुकानांनी २०१२ साली नावातला कॉमा काढून टाकला, मॅकडोनल्ड्सनं ठेवलाय. ज्याची त्याची मर्जी. लायसन्सवर असेल तसं लाव, प्रूफ व्हॉट्सॲपवर टाक आणि मालकाचं 'ओके' आल्याशिवाय छपाईला सोडू नकोस.